घराचे वय कसे काढायचे?

नागपूरच्या महाल भागात भोसल्यांचा जुना राजवाडा होता. काळ्या पाषाणात बांधलेला आणि लाकडावर भरपूर कोरीव काम असलेला हा वाडा १८६४ साली आगीत जळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या गॅझेटिअरमध्ये त्याची हकिकत एका वाक्यात आटोपली आहे. वाडा जळाला, मोठा दरवाजा तेवढा उरला, एवढेच तिथे कळते. राजवाड्याची ही गत, तर महालातल्या, इतवारीतल्या किंवा सीताबर्डीतल्या एखाद्या साध्या घराचा इतिहास कुठून मिळायचा, असे आपल्याला वाटेल.

पण गंमत अशी की त्याच १८६४ साली नागपूरची नगरपालिका स्थापन झाली. काही प्रकारच्या दस्तांची नोंदणी सक्तीची करणारा हिंदुस्थानातला पहिला कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे राजाचा वाडा जळत होता, त्याच सुमारास सामान्य माणसाच्या घराविषयी सरकारी कागदावर नियमाने लिहिण्याची सुरुवात होत होती. हे कागद कुठे असतात, ते काय सांगतात आणि मुख्य म्हणजे काय सांगत नाहीत, ते या लेखात पाहू. इतिहासाच्या तासाला जितका हा विषय उपयोगी, तितकाच विज्ञानाच्या तासालाही. कारण इथे करायचे काम प्रयोगशाळेतल्यासारखेच आहे. एक विधान घ्यायचे, ते खोटे ठरवू शकेल असा पुरावा शोधायचा आणि तो सापडला नाही तरच विधानावर थोडा विश्वास ठेवायचा.

आधी प्रश्न नीट मांडू

"आमचे घर दीडशे वर्षांचे आहे" या वाक्यात निदान तीन वेगवेगळी विधाने दडलेली असतात. जागा दीडशे वर्षे वस्तीखाली आहे, हे एक. आज उभी असलेली इमारत दीडशे वर्षांची आहे, हे दुसरे. आणि आमचे घराणे दीडशे वर्षे इथे राहते आहे, हे तिसरे. तिन्ही एकाच वेळी खरी असतीलच असे नाही. महालातला राजवाडा जळाला, पण ती जागा भोसल्यांचीच राहिली. जागेचा इतिहास पुढे चालू राहिला, इमारतीचा थांबला. म्हणून विद्यार्थ्यांनी वहीत पहिल्याच पानावर जागा, इमारत आणि माणसे असे तीन रकाने आखावेत. मिळालेली प्रत्येक नोंद या तिन्हींपैकी नेमकी कशाविषयी बोलते, हे ठरवूनच ती लिहावी.

दुसरे काम म्हणजे दोन टोके ठरवणे. अलीकडचे टोक सोपे आहे, आज घर उभे आहे. पलीकडचे टोक शहराच्या इतिहासातून मिळते. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इथली लहान लहान गावठाणे एकत्र करून नागपूर वसवले. रघूजी भोसल्यांचा अंमल बसला तो त्या शतकाच्या मध्यास. १८५३ साली तिसरे रघूजी वारल्यावर इंग्रजांनी राज्य खालसा केले. आता शहराच्या पश्चिमेकडे पाहा. रामदासपेठेतल्या मालमत्तांच्या कागदांवर आजही "मौजा लेंड्रा" असे लिहिलेले दिसते. मौजा म्हणजे महसुली गाव. वस्ती होण्याआधी इथे शेते होती, याची ही खूण. अशा भागातल्या बंगल्याला कोणी भोसलेकालीन म्हणू लागले, तर त्याने भक्कम पुरावा द्यायला हवा.

साखळी मागे मागे नेणे

घराच्या शोधाची सुरुवात जुन्या काळापासून करायची नसते. ती आजपासून करून एकेक कडी मागे जायचे असते. पहिला कागद म्हणजे महानगरपालिकेच्या घरटॅक्सची पावती. तिच्यावर घर क्रमांक असतो, पण तो कायमचा नसतो. प्रभाग बदलतात, नव्याने आकारणी होते, क्रमांकही बदलतात. म्हणून जुना क्रमांक आणि नवा क्रमांक यांचा मेळ लावून घ्यावा. नागपूरची नगरपालिका १९५१ साली महानगरपालिका झाली, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा कागद नगर भूमापन कार्यालयातला. राज्यात इतरत्र ज्याला मालमत्ता पत्रक म्हणतात, त्याला नागपुरात आखीव पत्रिका म्हणण्याची रीत आहे. तिच्यावर मौजा, शीट क्रमांक, नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, धारकाचे नाव आणि वेळोवेळी झालेले फेरफार असतात. जागा शासनाच्या मालकीची असेल तर "नझूल" असा शब्द दिसेल. शहरातली जी सरकारी जमीन पट्ट्याने दिली जाते, ती नझूल. सिव्हिल लाइन्स, सदर, सीताबर्डी या भागांत अशा जागा पुष्कळ आहेत. पट्टा बहुधा तीस वर्षांचा असतो आणि दर नूतनीकरणाला नवे कागद तयार होतात. संशोधकाच्या दृष्टीने ही सोयच आहे, कारण तीस तीस वर्षांनी कोणीतरी त्या जागेची दखल घेतलेली असते.

तिसरा आणि सर्वांत बोलका कागद म्हणजे खरेदीखत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करावी लागते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अशा दस्तांची नक्कल पुस्तक क्रमांक एकमध्ये उतरवलेली असते आणि तिच्या दोन सूची असतात. पहिली सूची माणसांच्या नावांवरून, दुसरी मालमत्तेवरून. "इंडेक्स टू काढून आणा" असे आपण बँकेत ऐकतो, ती हीच दुसरी सूची. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक क्रमांक एक आणि त्याच्या सूची ठरलेली फी भरून कोणालाही पाहता येतात. त्यासाठी मालकाचा नातेवाईक असण्याची गरज नाही.

याच कायद्याचे कलम २१ इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावे. शहरातल्या घराचे वर्णन कसे लिहावे, ते त्यात सांगितले आहे. घर कोणत्या रस्त्यावर आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, तिथे सध्या कोण राहते, पूर्वी कोण राहत होते आणि क्रमांक असल्यास तो कोणता, हे लिहायचे. कायदा करणाऱ्यांना वाद टाळायचे होते, इतिहास लिहायचा नव्हता. पण "पूर्वी कोण राहत होते" या अटीमुळे चांगल्या लिहिलेल्या खतात एक पिढी आपोआप मागची मिळते. शिवाय विकणाऱ्याला जागा कशी मिळाली, म्हणजे वारशाने, वाटणीत, बक्षीसपत्राने की अमुक तारखेच्या खरेदीने, हेही बहुधा लिहिलेले असते. ती तारीख घेऊन सूचीत मागे जायचे. अशी कडीला कडी जोडत गेले की एखादे घर शंभर वर्षे मागे नेता येते.

घर क्रमांक नसतील तेव्हा चतु:सीमा उपयोगी पडतात. "पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस गल्ली, दक्षिणेस तमक्याची पडीत जागा." आपल्या घराचा एखादा दस्त सापडला नाही तरी शेजाऱ्याच्या दस्तात आपल्या घरमालकाचे नाव सीमेवर सापडू शकते. एका आळीतल्या आठदहा घरांच्या चतु:सीमा कागदाच्या तुकड्यांवर लिहून मुलांना द्याव्यात. चित्रकोडे जुळवावे तशी मुले आळीचा नकाशा जुळवतात आणि न जुळणारा तुकडा कुठला, तेही त्यांच्या लगेच लक्षात येते.

सन आणि माप

जुन्या खतांत दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक कालगणनेत. शालिवाहन शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९ मिळवले की इसवी सन येतो. फसली सन उत्तरेकडच्या पद्धतीचा असेल तर ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात, दक्षिणेकडच्या पद्धतीचा असेल तर ५९० किंवा ५९१. विदर्भ दोन्ही व्यवस्थांच्या सीमेवरचा प्रदेश. तेव्हा कागदावर नुसते "फसली" असेल तर दोन वर्षांचा फरक पदरी धरूनच पुढे जावे. अक्षर मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे, अंदाजाने वाचू नये.

दुसरा घोटाळा मापांत. समजा, एका खतात जागा साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद लिहिली आहे आणि चाळीस फुटांची बाजू रस्त्याकडे आहे. म्हणजे २४०० चौरस फूट. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट, म्हणून हे क्षेत्र सुमारे २२३ चौरस मीटर झाले. आखीव पत्रिकेवर मात्र २०९ चौरस मीटर आहे. चौदा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १५१ चौरस फूट गेले कुठे? चाळीस फुटांच्या दर्शनी बाजूने भागले तर पावणेचार फुटांची पट्टी निघते. रस्ता रुंद झाला असावा, असा एक तर्क करता येतो. पण पट्टी मागच्या बाजूनेही गेलेली असू शकते, किंवा जुने माप हाताने किंवा दोरीने घेतलेले असू शकते. तर्क तपासायचा तर शेजारच्या घरांचीही दर्शनी पट्टी तेवढीच गेली आहे का, ते पाहावे. एका घराचे उत्तर आळीच्या आकड्यांतून मिळते.

कागद गप्प असतील तेव्हा

साखळी नेहमी अखंड मिळत नाही. बाप वारला आणि मुलगा वारस झाला तर खरेदीखत होत नाही. तोंडी वाटणी झाली तर नोंदणी होत नाही. फेरफाराची नोंद प्रत्यक्ष घटनेनंतर कित्येक वर्षांनी झालेली असू शकते, म्हणून नोंदीची तारीख आणि घटनेची तारीख वेगळी लिहावी. अशा वेळी वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, न्यायालयाचा निवाडा किंवा मतदारयादी कामी येते. नागपुरात 'हितवाद' १९११ पासून आणि गोपाळराव ओगल्यांचे 'महाराष्ट्र' १९१४ पासून निघू लागले. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालयही शहरात आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागपूर १८६१ पासून मध्यप्रांतात, १९५० पासून मध्यप्रदेशात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. पत्ता तोच राहिला आणि सरकार बदलत गेले. म्हणून कागदाच्या माथ्यावरचे राज्याचे नाव हाही तारखेचा एक पुरावा असतो. खतावर "मध्यप्रदेश, जिल्हा नागपूर" असेल तर ते बहुधा १९५० ते १९५६ या सहा वर्षांतले.

मग खुद्द घराला विचारावे. तत्त्व सोपे आहे. एखादी वस्तू अस्तित्वात येण्याआधी ती भिंतीत बसवता येत नाही. हिंदुस्थानात पोर्टलँड सिमेंटचे यशस्वी उत्पादन पोरबंदरला १९१४ साली सुरू झाले. टाटांच्या कारखान्यात पहिले पोलाद १९१२ साली निघाले, म्हणून तुळईवर त्यांचे नाव उठवलेले असेल तर ती तुळई त्यानंतरची. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा. नागपूरला आगगाडी १८६७ साली आली, तेव्हा छताला रुळाचा तुकडा लावलेला असेल तर ते काम बहुधा त्याआधीचे नसावे. पण या सगळ्या खुणा त्या त्या भागाचे वय सांगतात, सबंध घराचे नव्हे. पायापासून माडीपर्यंत चुन्यात बांधलेल्या घराला मागाहून सिमेंटचा गिलावा केलेला असतो.

लाकडाच्या बाबतीत उलटी सावधगिरी हवी. उष्ण प्रदेशातल्या ज्या थोड्या झाडांत वार्षिक वाढीची वलये स्पष्ट दिसतात, त्यांत साग मोडतो. त्यामुळे सागाची तुळई, निदान तत्त्वत:, आपले वय सांगू शकते. पण चांगला साग कोणी टाकून देत नाही. पडलेल्या वाड्याचे खांब नव्या घरात बसतात. लाकूड घरापेक्षा कितीतरी जुने असू शकते. "मग कार्बन-१४ ने काळ का काढू नये?" असे एखादा विद्यार्थी हमखास विचारतो. सतराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या काळात वातावरणातल्या या कार्बनचे प्रमाण इतके वरखाली झाले आहे, की एकाच मोजमापाला अनेक तारखा लागू पडतात. पुढे कोळशाच्या धुराने त्यात आणखी भर घातली. नागपूर शहराचे सगळे आयुष्य याच काळात येते. इथे महागड्या यंत्रापेक्षा शंभर रुपयांचे खरेदीखत अधिक अचूक ठरते.

कागदाला कोण दिसते?

आतापर्यंतचे बहुतेक कागद मालकाला ओळखतात, राहणाऱ्याला नाही. भाडेकरू, मोलकरीण, आश्रित विधवा आत्या, शिकायला ठेवलेला भाचा यांची नावे खरेदीखतात येत नाहीत. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क मिळाला आणि १९५६ च्या कायद्याने तो पूर्ण मालकीचा झाला. एखाद्या घराच्या कागदांत या सुमारास अचानक एका बाईचे नाव उमटते. त्याआधीही ती त्याच घरात होती, फक्त कागदाला दिसत नव्हती.

इंग्लंडमध्ये ही उणीव जनगणना भरून काढते. तिथे शंभर वर्षांनंतर घराघरांच्या मूळ नोंदी खुल्या होतात. १९२१ च्या नोंदी २०२२ साली खुल्या झाल्या. आपल्याकडे मध्यप्रांताची जनगणना १८६६ सालीच झाली होती, पण घरागणिक नोंदी अभ्यासकाला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने त्या पाहण्याचा हक्क कोणालाही दिलेला नाही. आपल्या हाती येतात ते बेरजेचे तक्ते.

आणि ज्या वस्तीत घराला खरेदीखतच नाही, तिचे काय? झोपडपट्टीत आणि अनधिकृत अभिन्यासांत नागपूरची हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांची घरे इतिहासात नाहीत असे म्हणायचे का? इथे तोंडी आठवणींना महत्त्व येते. वयस्कर माणसे सन सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. "बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या साली ही भिंत घातली" असे आजी म्हणाल्या, तर १४ ऑक्टोबर १९५६ ही पक्की तारीख आपल्या हाती असते. अशा दोन-तीन प्रसंगांच्या आगेमागे घरातल्या घटना लावल्या की त्यांचा क्रम तयार होतो. क्रम आधी लावावा, सन मागाहून भरावा.

या कुटुंबांचा आणखी एक कागद असतो आणि तो आपल्याच शाळेच्या कपाटात असतो. तो म्हणजे दाखलखारीज रजिस्टर. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि पुष्कळदा राहण्याचे ठिकाण त्यात लिहिलेले असते. ज्या घराला आखीव पत्रिका नाही, त्या घरातले मूल अमुक साली अमुक वस्तीतून शाळेत आले, एवढे तरी ते ठामपणे सांगते. खेड्यापाड्यांत जन्ममृत्यूची कोतवाल पंजी असेच काम करते. जातपडताळणीच्या वेळी आजोबांचा १९५० च्या आधीचा दाखला मागायला लोक शाळेत येतात, तेव्हा या रजिस्टरची किंमत आपल्याला कळते. एक पान उंदराने कुरतडले असेल तर एका नातवाचा प्रवेश अडतो. दस्ताची नक्कल निबंधकाकडे सापडू शकते. शाळेच्या रजिस्टरची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

तेव्हा घराच्या इतिहासाचा उपक्रम घ्यायचा असेल तर पहिला आठवडा या कपाटासाठी ठेवावा. जुनी रजिस्टरे कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावीत. सुटी पाने चिकटपट्टीने जोडू नयेत, कारण चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा आणि ठिसूळ करतो. प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन त्याची यादी करावी. मात्र मूळ रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये आणि त्यातली जातीची नोंद वर्गात वाचून दाखवू नये. ज्या नोंदीने एकाला न्याय मिळतो, तीच नोंद दुसऱ्याला वर्गात खाली मान घालायला लावू शकते.

मग मुलांना प्रत्येकी एक घर द्यावे. ते वाड्यातलेच असायला हवे असे नाही. गाळा, चाळ, क्वार्टर, झोपडी, कोणतेही चालेल. प्रत्येक विधानापुढे त्याचा पुरावा लिहायचा, दोन पुरावे आपसांत जुळतात का ते लिहायचे, आणि पुरावा संपला तिथे रेघ ओढून थांबायचे. कोणाची रेघ १८९० ला येईल, कोणाची १९८५ ला. महालातल्या वाड्याची वही जाड होईल आणि टिनाच्या घराची दोन पानांची राहील. दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा: हा फरक घरांच्या वयाचा आहे, की कागद कोणासाठी लिहिले गेले त्याचा?